ॲक्रोयोगासाठी ईव्हीए मॅट: २५ मिमी घ्या, मऊ ४० मिमी नको

ॲक्रोयोगा, म्हणजे जोडीदाराला तोलून करायचा कसरतीचा योग, करणारे बहुतेक जण साध्या योगामॅटवर सुरुवात करतात. तिची रुंदी जेमतेम ६० सेंमी. बर्ड या प्रकारात खालचा जोडीदार, म्हणजे बेस, वरच्याला, म्हणजे फ्लायरला, पायांवर आडवं तोलतो. त्यातून फ्लायर कुशीवर घसरला, तर तो मॅटच्या बाहेरच पडणार. म्हणून गटासाठी कराटेच्या क्लासात असतात त्या, दातेरी कडांच्या, १ × १ मीटरच्या ईव्हीए (एक प्रकारचा फोम) मॅट घ्याव्यात.

जाडीत लोक हमखास चुकतात. जाड म्हणजे सुरक्षित, असं वाटतं. पण बेस पाठीवर झोपून पाय काटकोनात उभे करतो, तेव्हा फ्लायरचं वजन पायांच्या हाडांतून सरळ खाली उतरायला हवं. मऊ ४० मिमी मॅटवर कंबर रुतते, पाय काटकोनातून सरकतात, मग गुडघे वाकवून तोल सावरावा लागतो आणि मांड्या लवकर थकतात. उभ्याने करायच्या प्रकारांत हे जास्त जाणवतं: बेसचा घोटा किंचित डगमगला, तरी खांद्यावर उभ्या फ्लायरला मोठा हेलकावा बसतो. २५ मिमीची घट्ट मॅट इथे उत्तम ठरते. दुकानातच एका टाचेवर पूर्ण वजन टाकून पाहा. टाच खोल रुतली, तर ती मॅट घेऊ नका. घट्ट फोमची ४० मिमीही चालते, फक्त ती उचलून नेणं जड जातं.

किती घ्यायच्या? तिघांना, म्हणजे बेस, फ्लायर आणि स्पॉटर (पडताना सावरणारा) यांना, ९ मॅट. ३ × ३ मीटर. सम संख्येत रांगा लावल्या की सांधा नेमका बेसच्या कण्याखाली येतो आणि टोचतो. ३ रांगांत बेसचं धड मधल्या एकाच मॅटवर मावतं. ६ मध्ये भागवायचं असेल, तर पायांकडची ओळ कमी करा. डोक्याकडची ठेवाच, कारण बर्डमध्ये फ्लायर पुढे गेला तर तिथेच येतो.

गुळगुळीत लादीवर दाते हळूहळू सुटतात आणि फटीत पायाचं बोट अडकतं. दर अर्ध्या तासाने सांधे दाबून घ्यावेत. घामाने पृष्ठभाग निसरडा होतो, त्यामुळे जवळ कोरडा टॉवेल हवाच. धुतलेल्या मॅट पावसाळ्यात एकावर एक रचू नका, उभ्या करून वाळवा, नाहीतर बुरशी धरते. कडक उन्हातही ठेवू नका. फोम आकसतो, कडा वळतात आणि मग दाते जुळत नाहीत.

खांद्यावरून उडी किंवा उलटी कोलांटी शिकताना मात्र या मॅट अपुऱ्या आहेत. तिथे वर २० सेंमी जाडीची उतरण्याची गादी टाका, आणि स्पॉटरने फ्लायरच्या बाजूला, हात वर ठेवून उभं राहावं. आधी डोकं आणि मान सांभाळायची, मग बाकीचं.