कोअर कटिंग: वर्धा-यवतमाळकडच्या खेड्यांत मिळणारी सेवा

स्लॅबमधून संडासाचा पाइप काढायला छन्नी-हातोडा किंवा ब्रेकर लावला, की खालून काँक्रीटचे पोपडे निघतात, सळई हादरते आणि पुढं तिथूनच गळती सुरू होते. कोअर कटिंगची मशीन डायमंड बिटनं, म्हणजे हिरेकणांचे दात असलेल्या पोकळ नळीनं, भोक गोल, स्वच्छ काढते. त्यामुळे तालुक्याहून बोलवायचा खर्च सार्थकी लागतो. ११० मिमी पाइपाला ५ इंची बिट घ्यावी, म्हणजे भोवती ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरायला जागा उरते.

ही सेवा देणाऱ्यांची मशीन स्टँडला, स्टँड स्लॅबला अँकर बोल्टनं पक्का. पाणी सतत चालू. हे उत्तम. पाणी थांबलं तर बिट तापून दात झडतात. खालून टेकू मात्र सांगितल्याशिवाय लावत नाहीत. कापून सुटलेला काँक्रीटचा गोळा सहज तीन-चार किलोचा असतो, खाली माणूस नकोच. बीम-कॉलमला हात लावू देऊ नका. गावातलं व्होल्टेज पडतं, जनरेटर आणायला आधीच सांगा.

नालीसाठी जोत्याची भिंत कापताना मात्र भोक मोठंच हवं. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. सिमेंटात घट्ट आवळलेला पाइप तिथंच तुटतो. भोवती इंचभर मोकळं ठेवून लवचीक सीलंट भरावं. हे काम ते करत नाहीत, मिस्त्रीकडून करून घ्यावं लागतं.