नववीच्या विज्ञानासाठी ऑनलाइन साधने : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

सोलापूरच्या पूर्व भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववीला विज्ञान शिकवते. गेल्या जूनपासून तीन गोष्टी नियमितपणे वापरत आहे : फेट ही सिम्युलेशनची (पडद्यावर प्रयोग करून पाहण्याची) वेबसाइट, प्रश्नमंजुषेसाठी एक मोफत ऑनलाइन फॉर्म आणि विज्ञान शिक्षकांचा एक छोटा व्हॉट्सॲप ग्रुप. मुलांच्या मनात काय चालले आहे हे शिक्षकाला जितके दिसेल, तितकीच या साधनांची किंमत, असे माझे मत आता झाले आहे.

सुरुवात पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडपासून झाली होती. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत ज्यांनी क्यूआर कोडचा प्रयोग केला, त्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चे ग्लोबल टीचर प्राइज मिळाले, तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात या कोडविषयी एक आपलेपणा आहे. कोड स्कॅन करून दाखवलेले व्हिडिओ उपयोगी पडतात. पण व्हिडिओ संपल्यावर ‘कळले का?’ असे विचारले की सगळा वर्ग एका सुरात ‘हो बाई’ म्हणतो, आणि त्या उत्तरातून मला काहीच समजत नाही.

फॉर्ममुळे ते समजू लागले. ‘धाराविद्युत’ हा पाठ शिकवून झाल्यावर मी एकच प्रश्न पाठवला : एका बॅटरीला दोन सारखे बल्ब एकसर जोडणीत (एकापाठोपाठ एक) जोडले, तर कोणता अधिक उजळेल? ५२ पैकी ३१ मुलांनी ‘बॅटरीच्या धन टोकाजवळचा’ हा पर्याय निवडला होता. पहिला बल्ब विद्युतधारा ‘खाऊन टाकतो’ आणि उरलेली पुढे जाते, अशी त्यांची समजूत होती. ओहमच्या नियमावरची गणिते हीच मुले बिनचूक सोडवत होती, म्हणून वहीत ही समजूत मला कधीच दिसली नव्हती.

मग फेटकडे वळले. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प विनामूल्य आहे आणि त्यातील अनेक सिम्युलेशन मराठीत मिळतात. मला सर्वांत मोलाची वाटलेली सोय म्हणजे सिम्युलेशन आधी उतरवून घेता येते, त्यामुळे तासिकेत इंटरनेटवर अवलंबून राहावे लागत नाही. परिपथ जोडून पहिल्या बल्बच्या अलीकडे एक, दोन बल्बांच्या मध्ये एक आणि दुसऱ्याच्या पलीकडे एक असे धारा मोजणारे अमीटर लावले. आकडे दाखवण्याआधी प्रत्येकाला आपला अंदाज वहीत लिहायला लावला. तिन्ही ठिकाणी तोच आकडा आला, म्हणजे दोन्ही बल्ब सारखेच उजळणार, तेव्हा मागच्या बाकावरून ‘बाई, मीटर बिघडलाय’ असा आवाज आला. त्या दिवशी शिकवणे खऱ्या अर्थाने सुरू झाले, असे मी मानते.

मात्र येथे एक काळजी घ्यावी लागते. पडद्यावर इलेक्ट्रॉन तुरुतुरु पळताना दिसतात, म्हणून बटण दाबताच बॅटरीतून निघालेला इलेक्ट्रॉन धावत बल्बपर्यंत पोहोचतो, असे मुलांना वाटू लागते. प्रत्यक्षात साध्या तारेत त्यांची पुढे सरकण्याची सरासरी गती सेकंदाला एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते. संपूर्ण तार आधीपासूनच इलेक्ट्रॉनांनी भरलेली असल्यामुळे आणि ते सर्वत्र जवळजवळ एकाच वेळी सरकू लागल्यामुळे बल्ब लगेच लागतो. शिवाय पुस्तकातील धारेची दिशा दाखवणारे बाण धन टोकाकडून ऋण टोकाकडे जातात आणि पडद्यावरचे इलेक्ट्रॉन उलट दिशेने. हे दोन्ही मुद्दे शिक्षकाने स्वतः बोलायला हवेत.

गृहपाठ म्हणून मी मुलांना धारा म्हणजे काय हे घरातल्या कोणाला तरी समजावून सांगायला आणि त्याचा आवाजी संदेश पाठवायला सांगितले. माझ्या वर्गातील बहुतेक घरांत तेलुगू बोलली जाते, म्हणून भाषेची अट ठेवली नाही. एका मुलीने रात्री साडेदहाला संदेश पाठवला. ती विड्या वळणाऱ्या आईला तेलुगूत सांगत होती की कांडीवरचे सूत विणता विणता संपते, पण मोटरचा पट्टा संपत नाही, तो फिरत राहतो. धारा पट्ट्यासारखी आहे, सुतासारखी नाही. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या मुलीलाच सुचावी अशी ही उपमा, आणि मराठीतच उत्तर हवे असा आग्रह धरला असता तर ती माझ्यापर्यंत पोहोचलीच नसती.

ही उपमा मी त्याच रात्री शिक्षकांच्या ग्रुपवर लिहिली आणि उत्साहाच्या भरात पुढे जोडले की बल्बमध्ये काहीच खर्च होत नाही. बार्शीच्या एका सरांनी लगेच लक्षात आणून दिले की धारा खर्च होत नाही हे खरे, पण विद्युत ऊर्जेचे उष्णतेत आणि प्रकाशात रूपांतर होतेच. पट्टा तोच राहतो, काम मात्र मोटरच्या जोरावर होते. दुसऱ्या दिवशी वर्गात मी माझे वाक्य दुरुस्त केले. याआधी एका मोठ्या ग्रुपमध्ये मी वर्षभर होते. तेथे शुभेच्छा, परिपत्रके आणि तयार पीपीटी यांच्या गर्दीत असा प्रश्न वाहून गेला असता. आम्ही ११ जण आहोत आणि वर्गात घडलेली गोष्ट व तिच्याविषयीचा प्रश्न एवढेच लिहायचे, हा नियम पाळतो. ऑनलाइन प्रशिक्षणांची प्रमाणपत्रे माझ्याकडे बरीच आहेत, पण माझे शिकवणे बदलले ते या ग्रुपमुळे.

फॉर्मविषयी एक तक्रार नोंदवते. लहान उत्तरे तो अक्षरशः जुळवून तपासतो, त्यामुळे ‘व्होल्ट’ऐवजी ‘वोल्ट’ किंवा ‘4’ऐवजी ‘४’ लिहिणाऱ्याचे उत्तर चूक ठरले. एका हुशार मुलाला शून्य गुण दिसले आणि तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आता मी फक्त बहुपर्यायी प्रश्न देते. घरात एकच स्मार्टफोन असतो आणि तो वडिलांबरोबर रात्रपाळीला जातो, म्हणून मुदत तीन दिवसांची ठेवते आणि ज्यांना जमत नाही त्यांच्याकडून तोच प्रश्न कागदावर सोडवून घेते.

जानेवारीत, गड्ड्याची यात्रा संपल्यावर, बल्बचा तोच प्रश्न पुन्हा दिला. चुकीचा पर्याय निवडणारी ९ मुले राहिली, आणि त्यांतील बहुतेक मुले अमीटरच्या तासिकेला गैरहजर होती. त्यांच्यासाठी या महिन्यात प्रयोगशाळेतील खरे सेल, बल्ब आणि तारा घेऊन शाळा सुटल्यावर दोन तासिका ठेवल्या आहेत.