संध्या सुरक्षा पेन्शन: ग्राम वन बरं की नाडकचेरी?

कर्नाटक सरकारच्या या म्हातारपणाच्या पेन्शनसाठी कागद सरळ असतील तर ग्राम वन, म्हणजे गावातलं सरकारी सेवा केंद्र. नावात घोळ असेल तर थेट होबळीची (काही गावांच्या महसुली गटाची) नाडकचेरी, म्हणजे महसूल कचेरी, गाठा. अर्ज दोन्हीकडं होतो, काम मात्र सारखं होत नाही.

वय 65 पूर्ण, उत्पन्न वर्षाला 32 हजारांच्या आत आणि दुसरी पेन्शन नसली तर महिन्याला 1200 रुपये. साठी ओलांडली पण पासष्टी गाठली नाही, तर वृद्धाप्य वेतनाचा अर्ज करावा, त्याचे 800. आधार, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, पासबुक एवढं न्यावं.

ग्राम वन घराजवळ, पण ऑपरेटर समोर दिसेल तेच टाइप करतो. आधारवर यल्लाप्पा 'वाय-ए'नं, पासबुकात 'वाय-ई'नं, रेशन कार्डावर कन्नडात यल्लप्पा! तलाठ्याच्या चौकशीत फाईल इथंच अडते. नाडकचेरीत तलाठी, सर्कल (महसूल निरीक्षक) यांना गाठून कुठला कागद दुरुस्त करायचा ते विचारता येतं. आधी आधार नीट करावं, मग त्याबरहुकूम बाकीचे. आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना अर्जाची कन्नड पोच वाचता येत नाही, म्हणून ती हरवते. तिच्यावरचा 15 अंकी सकाल नंबर (सरकारी सेवा वेळेत देण्याच्या योजनेतला अर्जाचा क्रमांक) वहीत उतरवून ठेवा, अर्ज कुठं थांबलाय ते त्यावरूनच कळतं. नाडकचेरीचा दोष एकच, पण मोठा: सर्व्हर बंद पडला की खानापूर तालुक्यातल्या जांबोटी, गुंजीकडच्या आतल्या वाड्यांवरून आलेल्या माणसाचा अख्खा दिवस वाया.

मंजुरीनंतरची मुख्य तक्रार 'पैसे आले नाहीत'. बऱ्याचदा ते आलेले असतात, पण दुसऱ्याच खात्यात. रक्कम आधारवरून जाते, म्हणजे आधार शेवटी ज्या खात्याला डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात जमा होण्यासाठी) जोडलं तिथं. रोजगार हमीचं एक, सोसायटीच्या कर्जाचं एक अशी दोन-तीन खाती असली की हमखास घोटाळा. बँकेत 'डीबीटी कुठल्या खात्याला जोडलंय' असंच विचारावं. नुसतं 'आधार लिंक आहे का' म्हटलं तर सगळीकडं 'हो'च म्हणतात.

पैसे काढायला पोस्टमन सगळ्यांत सोयीचा, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं मशीन घेऊन दारात येतो. रोप लावणीच्या दिवसांत मात्र अंगठा उठत नाही. राबून रेषा झिजलेल्या, त्यात कातडी पाण्यानं फुगलेली. हात पुसून कोरडा करावा, अंगठ्याचा हट्ट सोडून अनामिका टेकवून बघावी. तरीही नाही जमलं तर आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्यानं द्यावेत.