टाईम ट्रॅव्हलवाल्या सिनेमांचा शो, लॉ कॉलेज रोड: नक्की जा
पुण्यात लॉ कॉलेज रोडजवळच्या एका छोट्या फिल्म क्लबने 'ला जेते' ही फ्रेंच फिल्म (१९६२) आणि त्यावरूनच सुचलेला '१२ मंकीज' (१९९५) पाठोपाठ दाखवले, आयडियाच भारी आहे कारण पहिला जेमतेम २८ मिनिटांचा, जवळपास सगळा नुसत्या फोटोंचा, तरी नशीब चुकत नाही हे जे काय अंगावर येतं ना!! भूतकाळात जाऊन काही बदलायला जावं तर तीच धडपड त्या घटनेत आधीपासून धरलेली असते. आजोबांना मारायच्या पॅराडॉक्सपेक्षा (भूतकाळात जाऊन आजोबांनाच मारलं तर आपण जन्मणार कसे, आणि मग मारणार कोण?) मला हा बंद लूप जास्त पटतो, आणि जास्त रडवतो पण. साऊंड मस्त, खुर्च्या कडक. नंतरची चर्चा मात्र घाईत उरकली, तिला अजून अर्धा तास द्याच.