मास्ट्रिक्टचं 'दोमिनिकानेन': अर्धं रिकामं ठेवलं म्हणून जमलेलं दुकान

नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला मास्ट्रिक्टमध्ये दोमिनिकन या कॅथलिक पंथाच्या साधूंचं एक गॉथिक (उंच, टोकदार कमानींच्या शैलीचं) चर्च आहे, १२९४ सालचं. १७९४ मध्ये फ्रेंचांनी शहर घेतलं आणि पुढे चर्चमधली उपासना थांबली. त्यानंतर ते गोदाम झालं, आणि शेवटी सायकली लावायची जागा. २००६ च्या सुमारास तिथे पुस्तकांचं दुकान आलं. बंद चर्चचं काय करायचं, हा प्रश्न युरोपातल्या प्रत्येक शहराला पडलेला आहे. त्याचं इतकं नेटकं उत्तर क्वचित सापडतं.

अडचण निव्वळ चटई क्षेत्राची होती. दुकानाला हवे होते १,२०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ तेरा हजार चौरस फूट. चर्चची जमीन ७५० चौरस मीटरच्या आसपास. आपल्याकडे असं झालं की चारी बाजूंनी पोटमाळा काढतात. इथे तसं केलं असतं तर मधल्या दालनाचा बोळ झाला असता आणि छताची उंची, म्हणजे चर्चची सगळी शान, गिळली गेली असती. मेर्क्स आणि गिरोद या वास्तुरचनाकारांनी एकाच बाजूला काळ्या पोलादाचं अनेक मजली कपाट उभं केलं, आत शिरून जिने चढता येतील असं. दुसऱ्या बाजूला फक्त बुटकी टेबलं. त्यामुळे दारातून आत येताच नजर थेट कमानींपर्यंत जाते. गोदाम, स्वच्छतागृहं वगैरे तळघरात.

हे कपाट स्वतःच्या पायांवर उभं आहे, जुन्या भिंतींवर त्याचा भार नाही. उद्या दुकान उठलं तर ते सुटं करून नेता येईल आणि चर्च होतं तसं राहील. दिसायला सोपं, करायला नाही. पुस्तकं भलतीच जड असतात: मीटरभर फळीवर सहज तीस किलो. ग्रंथालयातल्या मांडण्यांखालची जमीन दर चौरस मीटरला किमान सहाशे किलो भार धरून आखावी लागते, घरातल्या जमिनीच्या तिप्पट. तो सगळा भार मोजक्या खांबांतून खाली उतरतो, म्हणून पाया हवाच. आणि जुन्या चर्चच्या फरशीखाली बहुधा थडगी असतात. पुरातत्त्वाचं काम उरकल्याशिवाय कुदळ मारता येत नाही. अशा प्रकल्पांचं वेळापत्रक कोसळतं ते बहुतेकदा इथेच.

वर जरूर चढा. खालून ठिपक्यांसारखी दिसणारी १६१९ ची छतचित्रं तिथून जवळ येतात. भिंतीवर १३३७ चं संत थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञाचं चित्रही आहे, पुसट झालेलं. घाईत असाल तर नजरेतून सुटेल.

उणिवाही आहेत. बहुतेक पुस्तकं डच भाषेत. इंग्रजी विभाग आहे, पण त्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करावी असा नाही. शनिवारी पुस्तकं चाळणाऱ्यांपेक्षा फोटो काढणारे जास्त, आणि दगडी कमानींखाली प्रत्येक आवाज घुमतो. एरवी वेदी असते त्या भागात कॉफीचं दुकान आहे आणि मधोमध क्रुसाच्या आकाराचं टेबल. ती कल्पना जरा बटबटीत वाटते. कॉफी मात्र तिथेच प्यावी, कारण पूर्ण दालन तिथूनच दिसतं.

देखणेपणाने दुकान तगत नाही, हेही इथे दिसलं. हे दुकान मुळात ज्या पुस्तक-दुकानांच्या साखळीचं होतं ती २०१२ मध्ये बुडाली, तिची जागा घेणारी कंपनी २०१४ मध्ये. तेव्हा इथल्या कर्मचाऱ्यांनी वाचकांकडून वर्गणी गोळा करून दुकान स्वतंत्रपणे चालू ठेवलं. सध्याचं 'बुकहांडल दोमिनिकानेन' (बुकहांडल म्हणजे डचमध्ये पुस्तकांचं दुकान) हे नाव तेव्हाचं. व्याख्यानं, मुलाखती, वाचनाचे कार्यक्रम इथे सतत होतात, आणि त्यांना जागा मिळते ती त्या रिकाम्या ठेवलेल्या अर्ध्या भागात.

ॲमस्टरडॅमहून रेल्वेने अडीच तास. स्टेशनातून नदीवरचा जुना दगडी पूल ओलांडून पंधरा-वीस मिनिटं चालत. फ्रेइटहोफ चौकाच्या अलीकडे गंजलेल्या पोलादाचं दार दिसलं की पोहोचलात. शनिवार टाळा, आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी जा.