शेतावरचा मातीचा साठवण बांध: भराव चोख, सांडवा कच्चा

सोलापूर भागात खासगी बांध घालून देणाऱ्या एका ठेकेदाराचं हे काम. उंची पाच मीटर. गाभ्याला काळी माती, दोन्ही अंगांना मुरूम. पाण्याकडचा उतार तीनास एक (तीन मीटर आडवं, एक मीटर उभं), मागचा अडीचास एक. काळी माती उघडी राहिली की उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून मुरमाचं कवच हवंच. थर २० सेंटिमीटरचे, पाणी मारून रोलर फिरवलेला. सोलापूरजवळच्या एकरुख तलावाची भिंतही मातीचीच, १८७१ची! पायाचा चर न पाझरणाऱ्या थरापर्यंत गेलाय का, हे मात्र भरावाआधीच बघा. नंतर कोण उकरणार?

खोट सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर काढणाऱ्या वाटेत. तो अरुंद, शिवाय पूरपातळीपासून माथा जेमतेम हातभर वर. परतीच्या पावसात पाणी माथ्यावरून गेलं तर बांध काही तासांत कापला जातो. किमान एक मीटर मोकळी उंची मागा, आणि सांडवा मूळ जमिनीत काढायला लावा, भरावात नको. भरावातून जाणाऱ्या पाईपभोवती, कडेनं पाणी झिरपू नये म्हणून लागणारी काँक्रीटची कॉलरही नाही. पाझर स्वच्छ असेल तर मोजत राहा. गढूळ झाला की आतली माती वाहतेय, लगेच पाणी उतरवा. बाभळी आणि घुशींची बिळं वाढू देऊ नका. दर वाजवी, पण सांडव्याची रुंदी करारात लिहून घ्या.