डायनोचा ग्राफ दाखवून मला ६८ हजारांना गंडवलं, ते असं

गेल्या एप्रिलमध्ये कोल्हापूरला निघालो होतो. खंबाटकी घाट चढताना एका ट्रेलरला ओलांडायला पाय दाबला आणि गाडीने मान टाकली. मीटरमध्ये पिवळा दिवा, जोर निम्म्यावर. कडेला घेऊन इग्निशन बंद-चालू केलं की गाडी शहाण्यासारखी चालायची, पुन्हा चढ आला की पुन्हा तेच. शेजारी बसलेली बायको एवढंच म्हणाली, "अजून घे सेकंडहँड."

गाडी २०१७ ची ऑक्टेव्हिया व्हीआरएस. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, कंपनीचे आकडे २३० पीएस आणि ३५० न्यूटन मीटर. घरी आल्यावर स्कॅनर लावला तर कोड पी०२९९, म्हणजे टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) दाब कमी पडतोय. इसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, जेवढा दाब मागतो तेवढा मिळत नाही, आणि ही तूट काही वेळ टिकली की इसीयू इंजिन सांभाळायला जोर काढून घेतो. कारणं डझनभर असू शकतात: फाटका होस, सैल क्लँप, डायव्हर्टर व्हॉल्व्ह, वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारं झाकण; मिटलं की दाब वाढतो), आणि अगदी शेवटी टर्बो स्वतः.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. त्यामुळे पुढे जे झालं त्यात निम्मा दोष माझ्या हावरेपणाचा आहे.

नाव सांगत नाही, पण पुण्याबाहेर एका औद्योगिक वसाहतीत एक ट्यूनर आहे, इसीयूचं सॉफ्टवेअर बदलून जोर वाढवून देणारा. काचेचं ऑफिस, रोलरवाला डायनो (गाडी जागेवर पळवून चाकांवरचा जोर मोजणारं मशीन), भिंतीभर स्टिकर. मी दाब कमी पडतोय म्हणून गेलो होतो. त्याने बॉनेट उघडलं, टॉर्च मारला, दोन मिनिटांत बंद केलं. "सर, टर्बोला काही झालेलं नाही. कंपनीचा मॅपच, म्हणजे इसीयूतली सेटिंगच, मिळमिळीत असते. तुमच्या गाडीसाठी डायनोवर कस्टम मॅप लिहितो, हा प्रॉब्लेमही जाईल आणि पन्नास-साठ घोडे वरून मिळतील." दुखणं बरं करायला गेलेल्या माणसाला जोर वाढवून मिळणार म्हटल्यावर तो कशाला नको म्हणेल? मीही नको म्हटलं नाही.

संध्याकाळी दोन कागद हातात दिले. आधीचा रन १८३, नंतरचा २४१, दोन्ही चाकांवरचे घोडे. ५८ ची वाढ! रेघ अशी गुळगुळीत की फ्रेम करून लावावी. परतताना पिवळा दिवा लागला नाही, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये पाठीत ढोसत होती. ६८ हजार यूपीआयने दिले, तेही त्याने सांगितलेल्या कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात. बिल मागितलं तर "जीएसटी लावू का सर, अठरा टक्के वाढतील" असं म्हणाला. मी गप्प बसलो.

तीन आठवड्यांनी भर उन्हात गाडी ओढेना. दिवा नाही, कोड नाही, पण ताम्हिणीच्या चढावर मागून डिझेल एसयूव्ही येऊन हॉर्न मारायला लागली तेव्हा मात्र लाज वाटली. मग लॅपटॉप लावून लॉग काढला. मागितलेल्या दाबापेक्षा मिळणारा दाब पाव बारने कमी, वेस्टगेट जवळजवळ पूर्ण मिटलेलं, आत येणारी हवा तापलेली, आणि नॉकमुळे (इंधन आपोआप भडकून बसणाऱ्या ठोक्यांमुळे) चारही सिलिंडरचं इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, चार ते सहा अंश मागे ओढलेलं; त्याने जोर पडतो. टाकीत ९५ ऑक्टेन होतं (हा आकडा जितका मोठा तितकं पेट्रोल नॉक जास्त सोसतं). मॅप ९७ साठी केलाय असं त्याने नंतर फोनवर सांगितलं, तेही मी विचारल्यावर.

एवढी तूट असताना पी०२९९ आला कसा नाही, हे काही पटेना. कोड बंद केला होता हो! गळती तशीच ठेवून, ती सांगणारी घंटाच काढून टाकली होती. हे कळलं ते योगायोगाने. ओळखीतल्या एकाने त्याच ट्यूनरकडून तेच मॉडेल, तेच सॉफ्टवेअर व्हर्जन ट्यून करून घेतलं होतं. दुसऱ्या एका जाणकाराकडे दोघांच्या इसीयूच्या फाइल्स वाचून घेतल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मॅपच्या, भागात एका बाइटचा फरक नाही. माझ्यासाठी खास लिहिलेला मॅप म्हणजे सगळ्यांना एकच चूर्ण देणारा वैदू. आणि त्या चूर्णात दाबाच्या तुटीचा कोड दोन्हीकडे बंद.

मग ते कागद पुन्हा काढले. कोपऱ्यात बारीक अक्षरांत, जे मी त्या दिवशी वाचलंच नव्हतं, ते असं: पहिल्या रनवर 'अनकरेक्टेड', दुसऱ्यावर 'एसटीडी, १.१३', आणि स्मूदिंग (रेघ गुळगुळीत करायची सेटिंग) पाच. डायनोवर हवेचं तापमान आणि दाब धरून आकड्याला एका गुणकाने (इथे १.१३) गुणून तो प्रमाण हवेवर आणतात, त्याला करेक्शन म्हणतात. एसटीडी म्हणजे सुमारे साडेपंधरा अंश सेल्सिअसची, समुद्रसपाटीची कोरडी हवा. एसएई नावाच्या दुसऱ्या पद्धतीत हीच हवा पंचवीस अंशांची आणि थोड्या कमी दाबाची धरतात, त्यामुळे एसटीडीचा आकडा एसएईपेक्षा चारेक टक्के जास्त येतो. पुणे साडेपाचशे मीटर उंचीवर, त्यात एप्रिलची दुपार, म्हणजे गुणक आपोआपच फुगतो. वर गंमत अशी की ही सूत्रं मुळात टर्बो नसलेल्या इंजिनांसाठी. टर्बोचा इसीयू विरळ हवा असली तर वेस्टगेट आणखी मिटून बरीचशी भरपाई स्वतःच करतो. त्यावर पुन्हा पूर्ण करेक्शन लावणं म्हणजे एकाच पोत्याचे दोनदा पैसे घेणं.

२४१ ला १.१३ ने भागा. २१३ येतात. ५८ ची वाढ एका भागाकारात ३० वर आली. आणि स्मूदिंग पाचवर ठेवल्यामुळे टायमिंग मागे ओढल्याने पडणारे खड्डे कागदावर दिसलेच नाहीत.

शेवटी गेलो कॅम्पातल्या एका जुन्या गॅरेजात. तिथल्या चाचांकडे ना काचेचं ऑफिस ना डायनो, आहे ते एक धूर सोडायचं मशीन. त्यांनी इनटेकला धूर जोडला आणि चहा मागवला. चहा यायच्या आधी इंटरकूलरकडून (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडून) इंजिनाच्या थ्रॉटलकडे जाणाऱ्या होसच्या क्लँपखालून निळसर रेघ वर आली. आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी क्लँप इतका आवळला होता की रबर कापलं गेलं होतं. बोटाच्या पेराएवढी चीर. "इतनी सी बात थी साहब," चाचा म्हणाले, आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच वाक्य. होस, क्लँप, मजुरी धरून चार हजार दोनशे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते मी ६८ हजार मोजून शिकलो होतो.

चाचांनी आणखी एक सांगितलं. गळतीवर जास्त दाबाचा मॅप टाकला की कमी पडणारी हवा भरून काढायला टर्बो नेहमीपेक्षा जास्त वेगाने फिरतो, हवा आणखी तापते, नॉक वाढतो. असंच वर्षभर चालवलं असतं तर टर्बो गेला असता, आणि मग हाच ट्यूनर म्हणाला असता, बघा सर, मोठा टर्बो टाकू.

पैसे परत मागितले. आधी "तुम्ही पेट्रोल चुकीचं भरलं", मग "स्टेज टू (आणखी जोराचं ट्यूनिंग) फुकट करून देतो", मग फोनच उचलेना. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार नोंदवली. बिल नाही, आणि पैसे गेलेलं खातं वर्कशॉपच्या नावावर नाही, यावर गाडी अडली. वाचवलेला अठरा टक्के जीएसटी असा नडला. कोड बंद केलेली फाइल, लॉग आणि कागदाचे फोटो असं सगळं जोडून वकिलाची नोटीस पाठवली तेव्हा २५ हजार आले. बाकीच्यांवर पाणी.

गाडीत पुन्हा कंपनीची फाइल टाकून घेतली. परवा कुतूहल म्हणून दुसऱ्या डायनोवर नेली. करेक्शन न लावता २०१ आले. म्हणजे त्या खऱ्या ३० पैकी १८ घोडे नुसत्या होसचे होते. मशीनवरच्या पोराने प्रिंट काढण्याआधी विचारलं, "दादा, करेक्शन कुठलं लावू? एसटीडी लावलं तर आकडा मस्त दिसतो." म्हटलं, काही लावू नकोस, आजचं तापमान आणि हवेचा दाब तेवढा खाली छाप.